ओपीडी शंभराची आणि नोंदी रात्रीच्या

प्रश्न असा आला आहे: "बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्रित (सक्तीच्या सरकारी सेवेतला) वैद्यकीय अधिकारी आहे. ओपीडी रोजची शंभर, बाजाराच्या दिवशी दीडशे. ऑनलाइन नोंदी रात्री क्वार्टरवर बसून कराव्या लागतात. दुपारी व्हीसी (व्हिडिओ बैठक) असते, तिथे फक्त पेंडन्सी (किती नोंदी बाकी) विचारतात. हे इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड रुग्णाच्या काही कामाचं आहे का, की नुसता आमच्या डोक्याला ताप? आणि यातून मार्ग काय?"

डॉक्टर, आधी हिशेब मांडू. सकाळच्या ओपीडीचे चार तास धरले तर २४० मिनिटं होतात. शंभर रुग्ण म्हणजे माणशी जेमतेम अडीच मिनिटं. यात तालुक्याचे फोन, सरपंचांनी सोबत आणलेला पाहुणा आणि मधेच आलेला सर्पदंश धरलेला नाही. प्रत्येकाचे सगळे रकाने तुम्हीच भरायचे म्हटलं तर दीड मिनिट स्क्रीनला गेलं. उरलेल्या मिनिटात नाडी बघायची, पोट दाबून बघायचं, गोळ्या समजावून सांगायच्या आणि म्हातारीला "उपाशीपोटी नको, जेवून घ्या" हे दोनदा सांगायचं. बसत नाही ते गणित. म्हणून नोंद रात्रीवर जाते. यात तुमचा आळस नाही आणि टायपिंगचा वेग वाढवूनही ते सुटणारं नाही.

२०१७ साली ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळेचा एक आढावा प्रसिद्ध झाला. बांगलादेशात एका रुग्णाला सरासरी ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. आपण यात कुठल्या टोकाजवळ आहोत हे सांगायला नको. त्यातच १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. चांगलंच झालं, पण रांग लांबली आणि तपासणारा हात तेवढाच राहिला. एका केंद्रामागे तीस हजार लोकसंख्या हे सपाटीचं माप कागदावर आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात नोकरी केलेल्यांना ते तीस हजार कसे विखुरलेले असतात ते ठाऊक आहे.

संगणकाबद्दलची तक्रार आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानंतर सरकारने पैसे देऊन दवाखान्यांत इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड आणलं. २०१६ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या दिवसाचं निरीक्षण झालं तेव्हा दिसलं की रुग्णासमोरच्या एका तासामागे जवळपास दोन तास संगणकात आणि टेबलावरच्या कागदांत जातात. पुढच्या वर्षी विस्कॉन्सिनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या अभ्यासात ११.४ तासांच्या दिवसातले ५.९ तास रेकॉर्डमध्ये निघाले. हे आकडे सांगून आपल्याकडे बरेच जण म्हणतात, बघा, अमेरिकेतसुद्धा हेच. हेच नाही. तिथल्या डॉक्टरांचा वेळ लांबलचक टिपणं, विमा कंपनीची बिलं आणि इनबॉक्समधले निरोप यांत जातो. तुमचा वेळ कशात जातो ते बघा: क्षयरोगाचं निक्षय, माता-बालकांचं आरसीएच, रक्तदाब-मधुमेहाचं एनसीडी पोर्टल, लसीकरणाचं यू-विन, साथरोगांसाठी आयएचआयपी, दुरून सल्ल्यासाठी ई-संजीवनी, औषधसाठ्याचं ई-औषधी, महिनाअखेरीच्या अहवालाचं एचएमआयएस, वरून आभा या आरोग्य क्रमांकाचं टार्गेट. आणि हे सगळं भरून झालं की त्यातलेच आकडे पुन्हा गुगल शीटमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, "आज चारपर्यंत".

माझं म्हणणं सरळ आहे. हे रुग्णाचं रेकॉर्ड नाही, सरकारी कार्यक्रमांचं रेकॉर्ड आहे. रुग्ण एक असतो आणि तो सहा ठिकाणी तुकड्या-तुकड्यांनी नोंदलेला असतो. उदाहरण घ्या. पाच महिन्यांची गरोदर बाई, दुसरी खेप, रक्तदाब वाढलेला, सासूला क्षयरोगाचा उपचार चालू. ती स्वतः आरसीएचमध्ये. वय तिशीच्या पुढे असेल तर एनसीडीच्या यादीत. सासू निक्षयमध्ये, आणि घरातल्या माणसांची तपासणी झाली की नाही तेही तिथेच. ९ तारखेला मातृत्व अभियानाच्या तपासणीला आली तर ती नोंद निराळी. ई-संजीवनीवर स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतला तर ती चिठ्ठी पाचव्या ठिकाणी. आता तुमच्या टेबलासमोर ती बसली आहे आणि मागच्या वेळी तिचा रक्तदाब किती होता, हे यातलं एकही पोर्टल तुम्हाला दहा सेकंदांत सांगत नाही. सांगते तिच्या पिशवीतलं माता-बाल संरक्षण कार्ड.

तेव्हा रुग्णाच्या पुढच्या भेटीला उपयोगी पडणारी नोंद कोणती आणि वर पाठवायची नोंद कोणती, हे आधी वेगळं करा. पहिली तुम्ही स्वतः करायची, रुग्ण समोर असताना. दुसरीसाठी तुमची एमबीबीएस लागत नाही.

पहिली नोंद कशी असावी? १९६८ मध्ये लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी रुग्णाच्या एकेका समस्येभोवती नोंद बांधायची पद्धत मांडली: रुग्ण काय सांगतो, आपल्याला काय सापडलं, आपल्याला काय वाटतं, पुढे काय करायचं. कॉलेजात हे चार भाग पाठ केलेत. शंभराच्या ओपीडीत चारही भरणं होत नाही, पण शेवटचा भाग कधीच सोडू नका. "बीपी १६४/९८, अ‍ॅम्लो ५ बंद, पायाला सूज, टेल्मी ४० सुरू, महिन्याने क्रिएटिनिन" एवढी एक ओळ पुरे. वही, केसपेपर, स्क्रीन, जिथे लिहिता येईल तिथे, पण ती रुग्णाबरोबर गेली पाहिजे. मी रक्तदाब-मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला चाळीस पानी वही आणायला सांगतो, वरच्या पानावर आभा नंबर आणि कुठल्या औषधाने त्रास होतो ते लाल पेनने. नव्या मुलांना हे जुनाट वाटतं. वाटू द्या.

त्या ओळीतली "पायाला सूज" बघा. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने काही जणांचे घोटे सुजतात, हे आपल्याला माहीत असतं. बाई येते आणि म्हणते, "साहेब, गोळी घेतली की पाय सुजायलेत, म्हणून सोडून देली." पोर्टलवर तिच्यासाठी रकाना कोणता? "उपचार सुरू", "रेफर", "फॉलो-अपला आली नाही". सूज आली म्हणून शहाणपणाने गोळी थांबवलेली बाई तिसऱ्या रकान्यात पडते. मग पुढच्या महिन्यात आरोग्यसेविका घरी जाऊन तिला रागावते आणि तीच गोळी पुन्हा हातात देते. पुन्हा सूज, पुन्हा बंद. दोन-तीनदा असं झालं की ती दवाखान्यातच येत नाही, थेट अर्धांगवायूनंतर येते. एक ओळ लिहिली असती तर हे चक्र पहिल्याच वेळी तुटलं असतं. उलट बाजूही लक्षात ठेवा: टेल्मिसार्टन, म्हणजे वरची टेल्मी, गरोदरपणात चालत नाही, म्हणून तरुण बाईच्या वहीत गोळी बदलताना पाळीची तारीख लिहा. हे कुठलंही सॉफ्टवेअर आपणहून विचारेलच असं धरून चालू नका.

रात्रीच्या नोंदींबद्दल एक गोष्ट कुणी बोलत नाही. कुठल्याही केंद्राचं रक्तदाबाचं रजिस्टर उघडा आणि फक्त आकड्यांचा शेवटचा अंक बघत खाली या. १२०/८०, १३०/८०, १४०/९०, १३०/८०. पानभर शून्यं. डिजिटल यंत्राने मोजलेला रक्तदाब १३७ येतो, १४३ येतो, पान भरून शून्यं येत नाहीत. तेवढ्यावरून कळतं की यंत्र बंद आहे किंवा आकडे आठवून भरले आहेत. माणूस दमला की १३० लिहितो, त्यात वाईट हेतू नसतो. पण १४० च्या आतला आकडा म्हणजे नियंत्रणात, आणि तो सोयीचा आकडा जिल्ह्याच्या अहवालात चढतो. मग व्हीसीमध्ये तुमच्या तालुक्याचं अभिनंदन होतं. मी अशी अभिनंदनं ऐकली आहेत.

म्हणून नोंद मोजतानाच झाली पाहिजे, आणि ती डॉक्टरच्या टेबलावर नाही. केसपेपर खिडकी आणि तुमची खोली यांच्यामध्ये एक टेबल टाका. तिथे सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी, कुणीही एक माणूस बसवा. तिथेच वजन, रक्तदाब, साखर आणि तिथेच टॅबवर नोंद. रुग्ण तुमच्यापुढे येतो तेव्हा आकडे टाकून झालेले असतात, तुम्ही फक्त निर्णय घ्यायचा. माणूस नाही म्हणाल. रोज मिळणार नाही हे खरं, पण जुनाट आजारांच्या रुग्णांना आठवड्यातला एक ठरलेला दिवस द्या, बाजाराचा दिवस सोडून, आणि तेवढ्या दिवसापुरतं माणूस उभं करा. बाजाराच्या दिवशी सर्दी-खोकला, खरूज, अंगदुखी आणि "इंजेक्शन द्या साहेब" एवढंच निभावतं. त्या दिवशी रक्तदाबाच्या नोंदी करायला गेलात तर पुन्हा शून्यं.

आता संगणकाच्या बाजूने बोलतो, कारण तुमच्या प्रश्नाचा रोख ते फेकून द्यावं असा दिसतो. कागदाचं रजिस्टर कोण आलं ते सांगतं. कोण आलं नाही, हे शोधायला कागदावर अख्खी दुपार जाते आणि कुणी शोधत नाही. संगणक ते एका बटणावर देतो. देशात २०१७ पासून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम चालू झाला, त्यात वापरलेलं सिंपल नावाचं अ‍ॅप याच विचाराने बांधलेलं आहे. रकाने मोजके: रक्तदाब, गोळ्या, पुढची तारीख. तारीख उलटली की नाव थकित यादीत, फोन नंबरसकट. बाकी पोर्टलं बांधणाऱ्यांनी एवढं जरी त्याच्याकडून घेतलं असतं तरी आपला अर्धा वैताग वाचला असता. तुमच्या एनसीडी पोर्टलमधूनही थकित रुग्णांची यादी काढता येते. महिन्यातून एकदा ती काढा, गावनिहाय करा आणि आशांच्या बैठकीत ज्या-त्या गावच्या आशाताईच्या हातात ठेवा. वीस नावांतली पाच गाव सोडून गेलेली निघतात, दोन वारलेली, तीन खासगीत जाणारी, उरलेली खरोखर थांबलेली. त्या उरलेल्यांत तुमचा पुढचा अर्धांगवायू बसलेला असतो.

"गाव सोडून गेलेली" म्हटलं म्हणून थांबतो, कारण मराठवाड्यात, त्यातही धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार पट्ट्यात, खरा पेच इथे आहे. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, खाली कर्नाटक. एप्रिलपर्यंत निम्मी वस्ती गावात नसते. पोर्टलच्या लेखी ही माणसं थकित, तुमचं केंद्र लाल. प्रत्यक्षात बाई साखर कारखान्यावरच्या कोप्यावर (झोपड्यांत) आहे, पहाटे उसाच्या फडात जाते, तिथला दवाखाना तिला ठाऊक नाही आणि गेली तरी तिथल्या डॉक्टरकडे तिची कुठलीच माहिती नाही. एका व्यक्तीचा एक आरोग्य क्रमांक या कल्पनेची कुणाला गरज असेल तर ती या कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीच्या जोडीला. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर जाहीर झालं, त्यातला चौदा आकडी आभा नंबर याचसाठी आहे: रुग्णाच्या संमतीने एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी दिसावी. लसीकरणात हे बऱ्यापैकी जमायला लागलं आहे. यू-विनवर बाळाची नोंद असेल तर पुढचा डोस कऱ्हाडला घेतला तरी चालतो. क्षयरोगातही निक्षयवरून रुग्ण दुसऱ्या जिल्ह्याकडे सोपवता येतो. रक्तदाब-मधुमेहाचं मात्र नंबर आहे, त्यात भरलेलं काही नाही, अशी बहुतेकांची अवस्था. नंबर काढण्याचं टार्गेट असतं, नंबरामागे नोंद जोडण्याचं नसतं.

म्हणून दसऱ्याच्या आधीचे तीन आठवडे त्या रुग्णांसाठी राखा. जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतील तेवढा साठा ई-औषधीवर आधीच मागवा. वहीत औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, ब्रँडचं नाही. कुठल्या कारखान्यावर जाणार ते विचारा. आणि फोन नंबर मुकादमाचा, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचा, घेऊ नका. सोयीचं पडतं म्हणून बरेच जण घेतात. बाई त्याच्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन गेलेली असते. तिला टीबी आहे किंवा ती गरोदर आहे हे मुकादमाला कळलं की पुढच्या हंगामात तिच्या जोडीचा भाव पडतो. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचं जे प्रकरण २०१९ मध्ये बीडमधून राज्यभर गाजलं, त्याच्या मुळाशी एक दिवसाचीही रजा न परवडणं होतं. नंबर भावाचा, मुलाचा, सोबत जाणाऱ्या जावेचा घ्या.

यालाच जोडून गोपनीयतेचं. ग्रुपवर रुग्णांच्या याद्या फिरतात: नाव, गाव, आजार, मोबाईल, कधी आधारसुद्धा. त्या ग्रुपात सरपंचांचे पुतणे असतात, बदलून गेलेले कर्मचारी असतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा नंतर बघू, आपली शपथ तर जुनीच आहे. तुमच्या केंद्रापुरता नियम करा: ग्रुपवर आकडा जाईल, नाव जाणार नाही. वरून नावासकट यादी मागितली तर "पोर्टलवर उपलब्ध आहे" असं नम्रपणे उत्तर द्या. मी वर्षानुवर्षं हेच उत्तर दिलं आहे आणि माझी नोकरी शाबूत राहिली.

आभाबद्दल एक व्यावहारिक अडचण. लोक आभा आणि आयुष्मान कार्ड एकच समजतात. "पाच लाखाचं कार्ड काढायचंय" म्हणून रांगेत उभे राहतात आणि नुसता नंबर मिळाला की चिडतात, ते कार्डवाल्या सिस्टरवर. खिडकीवर मोठ्या अक्षरात पाटी लावा: हा नंबर म्हणजे उपचाराच्या नोंदीचा नंबर, विम्याचं कार्ड वेगळं. आणि आधारला जोडलेला मोबाईल मुलाकडे पुण्याला असेल तर ओटीपीसाठी अर्धा तास फोनाफोनी करू नका. त्या म्हाताऱ्याला आधी तपासा.

वीज आणि नेटवर्कवर मी फार लिहीत नाही, तुम्ही रोज भोगताच. ज्या अ‍ॅपमध्ये ऑफलाइन नोंद चालते त्याची तेवढी माहिती करून घ्या, आणि सर्व्हर बंद असेल त्या दिवशी रजिस्टरवर "सर्व्हर बंद" असा शेरा, वेळ टाकून, मारून ठेवा. नंतर पेंडन्सीचं विचारतात तेव्हा तो शेरा कामाला येतो.

काही नोंदी मात्र कितीही रात्र झाली तरी त्याच दिवशी झाल्याच पाहिजेत. निक्षयमध्ये रुग्णाचं बँक खातं, कारण पोषणाचे पैसे, १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये, थेट त्या खात्यावर जातात आणि एक आकडा चुकला तरी अडकतात. विषबाधा, सर्पदंश, मारहाण, जळीत यांच्या नोंदी, वेळेसकट, तुमच्याच अक्षरात. सर्पदंशाला प्रतिविष किती वाजता सुरू केलं, किती कुप्या दिल्या, वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी काय आली, हे पुढच्या दवाखान्याला हवं असतं आणि कोर्टालाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत तीन वर्षं नोंदी जपणं, रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत देणं, हे लिहिलेलं आहे. नोंदींचं संगणकीकरण करण्याचा प्रयत्न करावा हेही त्यातच आहे. म्हणजे ही कटकट पोर्टलवाल्यांनी काल सुरू केलेली नाही.

टीएचओंच्या (तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या) बैठकीत रडगाणं गाऊ नका, ते सगळेच गातात. दोन गोष्टी लेखी मागा. एक, पोर्टलवर असलेला आकडा पुन्हा गुगल शीटमध्ये मागू नये. दुसरी, डाटा एंट्री ऑपरेटर आठवड्यातून ठरलेले दोन दिवस तुमच्या केंद्राला. पहिली अर्धी मिळेल. दुसरी जिद्दीने मागितली तर मिळते, विशेषतः तुम्ही थकित यादी आणि शून्यांचं रजिस्टर सोबत घेऊन गेलात तर. अधिकारी पूर्वी तुमच्याच खुर्चीवर बसलेले असतात, त्यांना ते पान बघितलं की कळतं.

बंधपत्र संपलं की तुम्ही पीजीला जाल, तुमच्या जागी दुसरा येईल, वर्षाने तोही जाईल. आमच्याकडच्या बहुतेक केंद्रांत रुग्ण तोच आणि डॉक्टर नवा, हे ठरलेलं आहे. तेव्हा जाण्याआधी अवघड रुग्णांची एक यादी नावासकट पुढच्या डॉक्टरच्या हातात, ग्रुपवर नाही, देऊन जा. आणि सगळ्या लॉगिनांना जोडलेला मोबाईल नंबर बदलून घ्या. माझ्या पाहण्यातल्या एका केंद्रात जुन्या डॉक्टरांच्याच नंबरावर ओटीपी जायचा. ते तोवर नागपूरला सर्जरीला लागलेले. ते थिएटरमध्ये असले की इकडे अख्ख्या केंद्राच्या नोंदी थांबायच्या आणि सिस्टर दर अर्ध्या तासाने त्यांना फोन लावायच्या.